वाकणारी पाठ आणि दुर्मिळ जनुकीय आजार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये अंशांचे आकडे भरपूर आहेत. कुणाच्या मुलाचा बाक (एक्स-रेवर मोजलेला कण्याचा वाक) २८ अंश, कुणाच्या मुलीचा ६२, आणि पुढे प्रश्न एकच : आता काय करायचं? आमची पहिली विनंती अशी की आकड्याच्या आधी आजाराचं नाव, मुलाचं वय आणि ते उभं राहतं, बसतं की झोपूनच असतं हे लिहा. ४० अंशांचा बाक मार्फान सिंड्रोममध्ये (शरीराला जोडून ठेवणाऱ्या ऊती सैल असण्याचा आजार) एक गोष्ट सांगतो, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीत (एसएमए, स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार) दुसरी आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये (एनएफ, नसांवर गाठी येण्याचा आजार) तिसरी. शाळकरी मुलींमध्ये कारण न सापडता येणाऱ्या नेहमीच्या स्कोलिओसिसचे, म्हणजे बाजूला वाकलेल्या कण्याचे, नियम (२५ अंशांना ब्रेस म्हणजे धडाभोवतीचा कडक पट्टा, ५० ला ऑपरेशन) या मुलांना जसेच्या तसे लावले, की नुकसान होतं.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. प्रेडर-विली सिंड्रोम आहे. ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं दीड वर्षापासून चालू आहेत. आताच्या एक्स-रेमध्ये ३४ अंशांचा बाक निघाला. एक डॉक्टर म्हणतात इंजेक्शन थांबवा, दुसरे म्हणतात ब्रेस घाला, तिसरे म्हणतात मोठा होऊ द्या. आम्ही कुणाचं ऐकायचं? – एक आई, नाशिक

इंजेक्शन केवळ बाकामुळे थांबवू नका. उंची भराभर वाढली की कणा जास्त वाकेल, अशी भीती पूर्वी होती आणि बाक असलेल्या मुलांना हॉर्मोन नाकारलंही जायचं. नेदरलँड्समध्ये मुलांचे दोन गट करून झालेल्या अभ्यासात (प्रसिद्धी २००९) हॉर्मोन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांमध्ये बाक सुरू होण्यात किंवा वाढण्यात फरक दिसला नाही. प्रेडर-विलीत (सैल स्नायू आणि न भागणारी भूक असलेला जनुकीय आजार) बाक मुळातच फार आढळतो. वेगवेगळ्या अभ्यासांत ३० ते ८० टक्के मुलांमध्ये. उलट हॉर्मोनमुळे स्नायू भरतात आणि चरबी कमी होते, याचा पाठीला आणि श्वासाला फायदाच होतो. हॉर्मोनच्या बाबतीत खरी काळजी झोपेतल्या श्वासाची असते. टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतील, घोरणं वाढलं असेल, वजन एकदम चढलं असेल, तर स्लीप स्टडी (रात्री झोपेत श्वास आणि ऑक्सिजनची तपासणी) करून घ्या आणि त्यावरून हॉर्मोनच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

"मोठा होऊ द्या" हा सल्ला मात्र आम्हाला मान्य नाही. पहिल्या पाच वर्षांत छाती आणि कंबरेचा कणा मिळून दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पाच ते दहा वर्षांत तोच वेग एक सेंटिमीटरवर येतो. फुप्फुसांची वाढही याच सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात जास्त होते. या काळात बाक वाढू दिला तर छातीची पोकळी लहान राहते, आणि ती नंतर कुठल्याही ऑपरेशनने पूर्ण भरून निघत नाही.

तीन वर्षांच्या, चालू लागलेल्या किंवा लागणाऱ्या, ३४ अंश बाक असलेल्या मुलासाठी पहिला विचार टप्प्याटप्प्याने घालायच्या प्लास्टरचा व्हावा. लंडनजवळच्या स्टॅनमोर इथल्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या डॉ. मीन मेहता यांनी ही पद्धत रुजवली. मुलाची वाढ हीच सरळ करणारी ताकद म्हणून वापरायची, हा त्यांचा विचार. २००५ मध्ये त्यांनी १३६ मुलांचे निकाल प्रसिद्ध केले. दोन वर्षांच्या आत आणि कमी अंशांवर सुरुवात झालेल्या मुलांचे कणे पुष्कळदा सरळ झाले, उशिरा आलेल्यांचे तितके नाहीत. त्या गटात सगळीच मुलं जनुकीय आजाराची नव्हती. प्रेडर-विलीत स्नायू सैल असतात, त्यामुळे "पूर्ण बरा" ही अपेक्षा ठेवू नका. बाक रोखून ऑपरेशन चार-पाच वर्षं पुढे ढकलता आलं, तरी ते मोठं यश आहे.

प्लास्टर कसं घालतात ते माहीत असलं की चांगलं आणि वाईट प्लास्टर तुम्हालाही ओळखता येईल. मुलाला पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, खास चौकटीवर उताणं ठेवतात. डोक्याला आणि कमरेला हलका ताण देतात. शिवण नसलेला पातळ बनियन, त्यावर कापसाचा पातळ थर, मग प्लास्टर. बाकाच्या फुगीर बाजूच्या बरगड्या मागून पुढे वळवतात. बाजूने दाबल्या तर त्या चपट्या होतात आणि छाती अरुंद होते. ही चूक सर्रास दिसते. शेवटी पुढून छाती-पोटासाठी मोठी खिडकी कापतात, आणि पाठीमागे बाकाच्या खोलगट बाजूला दुसरी, म्हणजे दबलेल्या बरगड्यांना फुगायला जागा मिळते. पुढे खिडकी नसलेलं बंद प्लास्टर घेऊन घरी येऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलाचं प्लास्टर साधारण दर दोन महिन्यांनी बदलतात, तीन वर्षांच्या मुलाचं तीन महिन्यांनी, त्याहून मोठ्याचं चार महिन्यांनी. बहुतेक मुलांना किमान एक वर्ष लागतं, मग ब्रेस.

दर वेळी भूल लागते, हा यातला मोठा तोटा. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांब भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. प्रेडर-विलीच्या मुलांना गुंगीची औषधंही जास्त चढतात. म्हणून भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आणि स्लीप स्टडीचा कागद आधीच द्या, आणि पहिल्या वेळेस तरी रात्रभर देखरेखीत राहा. ही सोय जवळ नसेल तर चांगला बसणारा ब्रेस हा दुय्यम पण प्रामाणिक पर्याय आहे.

घरी : अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणं. खिडकीच्या कडा रोज टॉर्चने बघा. बिस्किटाचे तुकडे, शेंगदाणे, नाणी आत सरकतात आणि कातडीला भोक पाडतात. एकदम पोटभर जेवण देण्यापेक्षा ठरलेला आहार सहा भागांत वाटून द्या. एकूण कॅलरी वाढवायच्या नाहीत. आणि हे नीट लक्षात ठेवा : प्रेडर-विलीच्या मुलांना उलटी सहसा होत नाही, दुखणं कमी जाणवतं, ताप चढेलच असंही नाही. पोट फुगलं, मूल गप्प झालं, जेवण नको म्हणालं (या आजारात "नको" हेच मोठं लक्षण), किंवा एक जरी उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. प्लास्टरच्या दाबाने जठर फुगून बसणं हा धोका खरा आहे.

ज्यांची बाळं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी : बाळ स्वतः बसेपर्यंत उशांचा टेकू देऊन बसवू नका, पांगुळगाड्यात टाकू नका. जागं असताना पोटावर ठेवा. मूल आपलं आपण बसू लागलं की पहिला एक्स-रे, आणि मग दरवर्षी एक. चरबीमुळे या मुलांची पाठ नुसत्या डोळ्यांनी सरळ वाटते.

प्रश्न : चार महिन्यांत बाक ३२ वरून ४५ अंश झाला. इतक्या झपाट्याने वाढतो का? – सोलापूर

तुम्ही पाठवलेल्या दोन फिल्मपैकी पहिली झोपवून काढलेली आहे, दुसरी बसवून. सैल स्नायूंच्या मुलात नुसत्या बसण्याने दहा-पंधरा अंश वाढलेले दिसतात. त्यामुळे बाक खरंच वाढला की नाही हे या दोन फिल्मवरून सांगता येत नाही. उभं राहणाऱ्या मुलाचा उभ्याने, बसणाऱ्याचा आधाराशिवाय बसवून, बाकीच्यांचा झोपवून, आणि दर वेळी त्याच स्थितीत एक्स-रे काढा. मानेपासून खुब्यांपर्यंत सगळं एकाच फिल्मवर हवं. ब्रेस घातला होता की नव्हता हे फिल्मवर लिहून घ्या. आणि मोजणाऱ्याच्या हातानेच पाच अंश इकडेतिकडे होतात, तेव्हा पाचच्या आतला फरक धरू नका.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, एसएमए टाइप २. रिस्डिप्लाम (एसएमएचं औषध) चालू आहे. औषध मिळाल्यावर पाठ सरळ राहील असं वाटलं होतं, पण बाक ३८ झाला. ब्रेस घातला की ती दमते आणि रडते. ब्रेसने बाक कमीही होत नाही. सोडून द्यावा का? – एक वडील, कोल्हापूर

औषधांनी एसएमएचं चित्र बदललं आहे. पूर्वी बसू न शकणारी मुलं आता बसतात. पण धडाचे स्नायू पूर्ण ताकदीचे होत नाहीत, आणि बसणाऱ्या मुलाच्या कण्यावर गुरुत्वाकर्षणाचा भार दिवसभर येतो. त्यामुळे औषध चालू असलेल्या मुलांमध्येही बाक येतो आणि दर सहा महिन्यांनी पाठ बघावीच लागते. औषध वाया गेलं असा त्याचा अर्थ नाही.

एसएमएमध्ये २० अंशांच्या पुढे ब्रेस सुचवतात. त्याने बाक कायमचा सुधारत नाही. त्याचं काम मुलीला सरळ बसवणं, हात मोकळे ठेवणं आणि ऑपरेशनचं वय गाठणं. म्हणून तो बसताना घालायचा, झोपताना काढायचा. नेहमीच्या स्कोलिओसिसमधला दिवसाचे २३ तास ब्रेस घालण्याचा नियम इथे नाही.

ती दमते याचं कारण बहुधा ब्रेसच्या पोटाकडच्या भागात आहे. एसएमएच्या मुलांच्या बरगड्यांमधले स्नायू कमजोर असतात, ती पोटाने श्वास घेतात. पोट दाबलं की श्वासच दाबला. ऑर्थोटिस्टकडून (ब्रेस बनवणारे तज्ज्ञ) बरगड्यांच्या कडेपासून बेंबीखालपर्यंत मोठी खिडकी कापून घ्या, फक्त वर-खाली अरुंद पट्टे ठेवा. मग तपासा : ब्रेसशिवाय आणि ब्रेससह, दोन्ही वेळा पंधरा मिनिटं बसवून ऑक्सिजन बघा, श्वास मोजा, आणि मुलीला जमत असेल तर फुंकण्याची तपासणी (फुप्फुसांची क्षमता मोजणारी) करून घ्या. ब्रेसमध्ये आकडे स्पष्ट घसरत असतील तर तो ब्रेस चुकीचा आहे, मुलगी नव्हे. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास पट्टे सैल ठेवा.

नवा ब्रेस एकदम दिवसभर घालू नका. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज अर्धा-एक तास वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण वेळ. आत सुती, शिवण नसलेला, ब्रेसपेक्षा लांब बनियन. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला. पावडर, तेल, क्रीम आत लावू नका, कातडी मऊ पडून सोलते. काढल्यावरचा लालपणा अर्ध्या तासात गेला तर ठीक, राहिला तर त्या जागी पेनाने खूण करून ऑर्थोटिस्टला दाखवा. स्वतः घरी फोम चिकटवू नका, दाब दुसरीकडे जातो.

ऑपरेशनचा विचार साधारण ५० अंशांच्या पुढे, किंवा वर्षात दहा अंशांहून जास्त वाढ असेल तेव्हा. चार वर्षांच्या आत शक्यतो टाळतात. आठ-दहा वर्षांखाली वाढू देणाऱ्या रॉड (कण्याला धरणाऱ्या, लांबवता येणाऱ्या धातूच्या सळ्या), बारा वर्षांनंतर कायमचं फ्युजन (मणके एकमेकांना जोडून टाकणं), मधल्या वयात मुलाची वाढ किती शिल्लक आहे त्यावर. वाढणाऱ्या रॉडही फुकटात मिळत नाहीत. जुन्या पद्धतीच्या रॉड दर सहा महिन्यांनी ऑपरेशन करून लांबवतात, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४० मुलांच्या अभ्यासात दर जादा ऑपरेशनमागे गुंतागुंतीची शक्यता सुमारे २४ टक्क्यांनी वाढत गेली. रॉड मोडणं, वरचे हूक निसटणं, जखमेत पू. चुंबकाच्या रॉड बाहेरूनच दर तीन-चार महिन्यांनी काही मिलिमीटर लांबवता येतात, भूल लागत नाही. पण त्या महाग आहेत, त्यांतून धातूची बारीक भुकटी सुटते आणि एमआरआय अवघड होतो. म्हणून चांगल्या ब्रेसने मिळवलेलं प्रत्येक वर्ष मोलाचं आहे.

एक गोष्ट ऑपरेशनआधीच ठरवा. पुढे कधी नुसिनर्सेन (एसएमएचं दुसरं औषध) द्यायचं असेल तर ते कमरेतून सुईने कण्याच्या पाण्यात सोडतात. सर्जनला सांगून कमरेच्या एक-दोन मणक्यांत सुईची वाट मोकळी ठेवून घ्या. हाडाचा थर जमल्यावर ती वाट शोधणं फार कठीण जातं.

प्रश्न : व्हीलचेअरमध्ये मुलगा एका बाजूला कलंडतो. उशा लावतो, त्या सरकतात. – लातूर

आधी बूड, मग पाठ. घडीच्या व्हीलचेअरचं कापडी आसन मध्ये झोळीसारखं खचतं, कमरेचं हाड तिरकं बसतं आणि वरचा कणा तोल सांभाळायला उलटा वाकतो. सुताराकडून १२ मिलिमीटरचा प्लायवूड कापून घ्या, त्यावर दोन इंचांचा घट्ट फोम आणि मऊ कव्हर. फोम हाताने दाबून फळी लागत असेल तर तो उपयोगाचा नाही. आसनाची लांबी अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहील. पावलं टेकलेली, गुडघे आणि खुबे काटकोनात.

मग तीन जागी आधार : बाकाच्या फुगीर बाजूला, फुगवट्याच्या जरा खाली एक, विरुद्ध बाजूला काखेच्या तीन बोटं खाली दुसरा, त्याच विरुद्ध बाजूला कमरेच्या हाडाशी तिसरा. तिन्ही एकत्र असले तरच काम करतात. नुसती एक उशी फुगीर बाजूला लावली तर मूल दुसरीकडे सरकतं, तुमच्याकडे तेच होतंय. काखेत रुतणारा आधार नको, हाताला मुंग्या येतात. वर्षातून एकदा खुब्यांचाही एक्स-रे काढा. निसटलेला खुबा हे कलंडण्याचं नेहमीचं कारण असतं.

प्रश्न : ड्युशेनच्या मुलाला ब्रेस का देत नाहीत? १३ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी चालणं थांबलं. – अमरावती

कारण ड्युशेनमध्ये (मुलग्यांचे स्नायू झिजत जाण्याचा आजार) ब्रेस बाक रोखत नाही आणि आधीच उतरणीला लागलेला श्वास आणखी दाबतो. चालणं थांबल्यावर दर सहा महिन्यांनी पाठ बघा. स्टेरॉइड न घेणाऱ्या मुलात २०-३० अंशांनाच फ्युजनचा विचार करतात, कारण तिथून पुढे बाक वाढत जातो आणि फुप्फुसं व हृदय भूल झेलण्याच्या पलीकडे जातात. स्टेरॉइड घेणाऱ्यांत बाक उशिरा येतो, खरी वाढ दिसेपर्यंत थांबता येतं. मात्र अशा मुलाच्या पाठीत अचानक दुखलं तर स्टेरॉइडने ठिसूळ झालेला मणका दबला आहे का ते बघा.

फुंकण्याच्या तपासणीत क्षमता ५० टक्क्यांखाली असेल तर ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बायपॅप मास्कची (श्वासाला दाबाने मदत करणाऱ्या यंत्राचा मास्क) सवय घरी करा, ३० खाली असेल तर त्याशिवाय टेबलावर जाऊच नका. हृदयाचा इको हवा. भूलतज्ज्ञाला स्पष्ट सांगा : सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) नको, हुंगवून द्यायची वायूची भूल नको. या दोन्हींनी स्नायू विरघळून रक्तातलं पोटॅशियम एकदम चढतं आणि हृदय थांबू शकतं. हे वाक्य फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. रोजचं स्टेरॉइड त्या दिवशी बंद करायचं नसतं, जादा डोस लागतो.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, एनएफ-१. बाक फक्त २६ अंश आहे आणि सर्जन ऑपरेशन म्हणतात. घाई नाही का? – पणजी

फिल्मवर काय आहे त्यावर अवलंबून. एनएफ-१ मध्ये दोन जातीचे बाक असतात. एक नेहमीसारखा, ज्याला नेहमीचेच नियम. दुसरा डिस्ट्रॉफिक : चार ते सहा मणक्यांतच तीव्र वळण, पेन्सिलीसारख्या बारीक झालेल्या बरगड्या, मागून पोखरलेले मणके, मणक्याचा पिळा. हा बाक ब्रेसला दाद देत नाही आणि काही महिन्यांत दुप्पट होऊ शकतो. तसा असेल तर २६ अंशांवर ऑपरेशन सुचवणं ही घाई नाही, आणि आम्हीही तेच सुचवू.

सर्जनला दोनच प्रश्न विचारा. एक, डिस्ट्रॉफिक खुणा कुठल्या आणि किती? दोन, संपूर्ण कण्याचा एमआरआय झाला का? बरगडीचं डोकं कण्याच्या पोकळीत शिरलेलं असू शकतं किंवा गाठ मज्जारज्जूला चिकटलेली असू शकते. हे न बघता कणा ताणला तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. साधा वाटणारा बाक वाढीच्या वयात डिस्ट्रॉफिक बनू शकतो, त्यामुळे ज्यांना आज थांबायला सांगितलं आहे त्यांनीही सहा महिन्यांची तारीख चुकवू नये.

प्रश्न : मार्फान असलेल्या मुलीला (११ वर्षं, २९ अंश) ब्रेस चालेल का? – ठाणे

चालेल, पण नेहमीच्या स्कोलिओसिसपेक्षा यश बरंच कमी मिळतं हे जाणून घाला. दर वर्षी हृदयाचा इको सोडू नका, महारोहिणीची (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) रुंदी पाठीपेक्षा महत्त्वाची. ऑपरेशनची वेळ आली तर आधी कमरेचा एमआरआय आणि सीटी. या आजारात मज्जारज्जूभोवतालचं आवरण फुगून मणक्यांची हाडं आतून कुरतडलेली असतात आणि स्क्रूला धरायला जागा कमी असते.

प्रश्न : ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा असलेल्या मुलीची पाठ गावातला हाडवैद्य मालिश करून, झटका देऊन बसवतो म्हणतो. – सातारा

नको. या आजारात हाडं ठिसूळ असतात, बरगडी कूस बदलतानाही मोडू शकते, झटक्याने मणका मोडेल. हेच डाउन सिंड्रोम, मॉर्किओ (हाडांच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार) आणि एनएफ-१ च्या मुलांनाही लागू : मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो किंवा पोकळीत काही शिरलेलं असू शकतं. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. दाबणं, ओढणं, कडकन आवाज काढणं नको, मग तो हाडवैद्य असो वा शहरातलं झकपक क्लिनिक. तुमच्या मुलीला कडक ब्रेस किंवा प्लास्टरही शक्यतो देत नाहीत. बरगड्या आत दबतात. हाडं भरण्यासाठी बिस्फॉस्फोनेट, व्हिटॅमिन डी आणि पाण्यातला व्यायाम हा तिचा रस्ता.

प्रश्न : रेट सिंड्रोमची (मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार) मुलगी बोलत नाही, दुखतं ते कसं कळायचं? – पुणे

बसण्याचा वेळ कमी होणं, जेवताना एकाच बाजूला वळणं, झोप मोडणं, हात तोंडात घालण्याचं प्रमाण अचानक वाढणं. सहा महिन्यांनी पाठ तपासा. चालत असेल तर चालणं शक्य तितकं टिकवा, त्याने बाक हळू वाढतो. ऑपरेशनआधी ईसीजी हवाच, रेटमध्ये क्यूटी अंतर (ईसीजीवर मोजायचा हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबलेलं असू शकतं आणि काही औषधं त्यात धोक्याची ठरतात.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची, प्रेडर-विली, ६८ अंश. फ्युजन कमरेच्या हाडापर्यंत करणार आहेत. नंतर मांडी घालून बसता येईल का? आणि तयारी काय करायची? – नागपूर

मांडी घालता येते, कारण ती खुब्यातून घातली जाते. मांडी घालून पुढे वाकून ताटातलं घेणं मात्र जमणार नाही. पाट आणि चौरंग करा किंवा टेबल. जी मुलं धड झुकवून तोंड हाताकडे नेतात, त्यांचं स्वतः जेवणं फ्युजननंतर बंद पडू शकतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच ताट छातीच्या उंचीवर आणून, लांब दांड्याचा चमचा देऊन सराव घ्या. शौचानंतर हात मागे पोचणंही कठीण होतं : कमोड आणि हाताने धरायचा जेट बसवून ठेवा. चालणाऱ्या मुलीत फ्युजन कमरेच्या हाडापर्यंत नेणं खरंच गरजेचं आहे का, हे सर्जनला जरूर विचारा. कमरेचं हाड तिरकं नसेल तर एक-दोन मणके मोकळे ठेवता येतात.

वरचं टोक कुठे संपतं हेही विचारा. प्रेडर-विलीत रॉडच्या वर मान पुढे कोसळण्याची खोड आहे, म्हणून बहुतेक अनुभवी सर्जन छातीच्या अगदी वरच्या मणक्यांपर्यंत जातात.

तयारीला तीन महिने धरा. व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून दुरुस्त करा. वजन आटोक्यात, पण ऑपरेशनच्या तोंडावर उपाशी ठेवून उतरवू नका, जखम भरत नाही. स्लीप स्टडी, रक्तातली साखर, आणि कॉर्टिसॉल : काही मुलांच्या शरीरात ताण झेलणारं हे हॉर्मोन पुरेसं सुटत नाही. दात साफ, किडलेले भरलेले. बद्धकोष्ठ आधी मोकळं करा. ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूच्या नसांवर विजेच्या संकेतांनी नजर ठेवणार का, रक्त वाचवण्यासाठी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड देणार का, हे विचारायला संकोच करू नका.

कातडी खाजवून सोलणं हा या आजारातला जखमेचा सगळ्यात मोठा शत्रू. नखं मुळापर्यंत कापा, खाजवलेल्या जागा आधी भरून काढा, ड्रेसिंगवर मागून बटणं असलेला घट्ट बनियन घाला, हाताला खेळणं द्या. पाच ते चौदा दिवसांत जखमेतून पिवळट पाणी, वास, कडेला लाली दिसली तर ताप नसला तरी दाखवा. वेदनेची मॉर्फिनसारखी औषधं कमी डोसने आणि श्वासावर नजर ठेवून. आणि वॉर्डमध्ये खाण्याची शिस्त : शेजारच्या पलंगावरचा डबा, भेटायला येणाऱ्यांचा खाऊ, कचऱ्याची बादली, सगळं तिच्या हाताबाहेर. ऑपरेशननंतर आतडी सुस्त असताना चोरून खाल्लेला एक डबा जीवावर बेतू शकतो. नर्सबाईंना हे पहिल्याच दिवशी लेखी द्या, प्रत्येक पाळीला.

प्रश्न : खर्च कसा झेपवायचा? – अनेक पत्रं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन गोष्टी लेखी विचारा : मणक्याचं ऑपरेशन तिथे पॅकेजमध्ये आहे का, आणि रॉड-स्क्रू त्यात धरलेत की वेगळे. बिल फुगतं ते या दुसऱ्या ठिकाणी. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. ब्रेस आणि बसण्याच्या साधनांसाठी मुंबईत हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. जिल्ह्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र निदान व उपचार केंद्र गाठा, पुढची चिठ्ठी तिथून मिळते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते. ती मान्यताप्राप्त केंद्रांमार्फतच मिळते, मुंबईत परळचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक.

जाताना जनुकीय तपासणीचा मूळ अहवाल, सगळ्या एक्स-रेंच्या सीडी (फोनवरचे फोटो नकोत, त्यांवरून अंश मोजता येत नाहीत), इको, स्लीप स्टडी, आणि मुलाच्या आजाराचं नाव व भुलेबाबतच्या सूचना लिहिलेलं एक पान सोबत न्या.